वजन उतरवणे हा सौदा, उतरलेले वजन राखणे हा धंदा

सुताचे भाव, ग्रे कापडाची मागणी, उधारीचे दुखणे हे या पानाचे नेहमीचे विषय. आज आम्ही भुकेबद्दल आणि वजनाबद्दल लिहीत आहोत. हा विषय डॉक्टरांच्या पानावर जायला हवा, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही बंधूंना वाटेल. त्यांनी आपल्या बाजारातली दुकाने मोजून पाहावीत. बहुतेक पेढ्या एका माणसाच्या जिवावर चालतात. खरेदी त्याची, वसुली त्याची, बँकेतली सहीही त्याची. तो माणूस मधुमेहाने किंवा हृदयविकाराने अंथरुणाला खिळला की दोन महिन्यांत गिऱ्हाईक दुसऱ्या गादीवर बसू लागते, आणि येणी वसूल करायला घरात कोणी नसते. मागाचा पट्टा तुटला तर दुसरा मिळतो, पण मालकाच्या जागी उभा करायला दुसरा मालक मिळत नाही. तेव्हा धंद्याच्या भांडवलात मालकाच्या तब्येतीची नोंद पहिल्या ओळीत असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही डॉक्टर नाही. तीस वर्षांहून अधिक काळ गादीवर बसलेले कापडाचे व्यापारी आहोत. पण घट कशाला म्हणतात, मुद्दल कशाला म्हणतात आणि आलेला नफा हातात का टिकत नाही, हे आम्हाला कळते. वजनाचा हिशेबही याच भाषेत नीट समजतो.

गादीचे दुखणे

आपल्या बाजारात पोट सुटलेला माणूस दिसला की लोक त्याला आपोआप सेठ म्हणतात. तब्येत बनली, असे कौतुकाने बोलतात. हे कौतुक फार महाग पडते.

१९५६ साली जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याजवळच्या चेंगाईल येथील ताग गिरणीतल्या २१३ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. कोण किती कष्ट करतो, किती खातो आणि त्याचे वजन किती, एवढीच नोंद होती. हमाली आणि अंगमेहनत करणारे भरपूर खात होते, पण अंगाने सडपातळ होते. बेताचे काम करणारे त्यांच्यापेक्षा कमी खात होते आणि त्यांचेही वजन बेताचे होते. आश्चर्य होते ते गिरणीच्या बाजारात दिवसभर दुकानात बसणाऱ्यांचे. हालचाल सर्वांत कमी, तरी जेवण कष्टकऱ्यांच्या तोडीचे आणि वजन सर्वांत जास्त. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो. शरीराला किती लागते आणि मन किती मागते, यांचा मेळ राहत नाही. ती गिरणी आपल्याच धंद्याच्या कुळातली आणि ते दुकानदार आपल्यासारखेच, म्हणून ही पाहणी प्रत्येक गादीवाल्याने ध्यानात ठेवावी.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. एकाच बसवर ड्रायव्हर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करत. बसणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त निघाला. गादीवर बसणारा सेठ आणि मालाचे तागे काढणारा नोकर यांच्यात तेवढाच फरक असतो.

काटा खोटे बोलतो, टेप बोलत नाही

आमचे वजन काही फार नाही, असे म्हणणारे बंधू पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याचे उदाहरण देतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांच्या उंची-वजनाचे प्रमाण अगदी सारखे, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपले लोक बाहेरून बारीक दिसतात, पण चरबी आत, पोटाभोवती साठवतात. म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ठरवली आहे. उंची-वजनाचे प्रमाण २३ च्या वर गेले की आपल्यासाठी ते जास्त वजन, आणि २५ च्या वर स्थूलपणा.

कापडवाल्याच्या हाताशी टेप सदैव असते. गिऱ्हाइकाला मीटर मोजून देणाऱ्याने ती एकदा स्वतःच्या पोटाला लावावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावे. पँटचा नंबर हा पुरावा नव्हे, कारण पोट वाढले की पँट खाली सरकते आणि नंबर तोच राहतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशभराची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा स्थूलपणा सुमारे ४० टक्के प्रौढांमध्ये आढळला. आपला बाजार या आकड्यांच्या बाहेर आहे असे मानायला काही आधार नाही.

उतरलेले वजन परत का येते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वजन उतरवलेली माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कोणी भात सोडला, कोणी संध्याकाळचे जेवण सोडले, कोणी दुधीचा रस प्याला, कोणी जिमचे पैसे भरले. सहा महिन्यांत आठ-दहा किलो उतरले. आणि दोन वर्षांनी पाहावे तर गडी मूळ जागेवर, किंवा मूळ वजनावर दोन किलो व्याज. मग बाजार हसतो. नफ्सवर काबू नाही म्हणतो. तो माणूसही मान खाली घालतो आणि पुन्हा प्रयत्न करत नाही.

हे हसणे चुकीचे आहे. प्रोसेसिंगमध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहे की स्टेंटरवर कापड ताणून पन्हा आणि लांबी वाढवता येते. पण ते नीट पक्के केले नसेल तर पहिल्या धुण्यात आटून जागेवर येते. त्यात कापडाचा गुन्हा नाही, धाग्याचा तो गुण आहे. शरीराचेही तसेच आहे. घाईने ओढूनताणून खाली आणलेले वजन शरीर आपल्या जुन्या जागी नेऊ पाहते, आणि त्यासाठी त्याच्याकडे स्वतःची यंत्रणा आहे.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचा शोध लावला. हे द्रव्य चरबीतून निघते आणि गोदामात माल किती आहे याची खबर मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदूला वाटते की दुष्काळ आला. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन शोधले. ते जठरातून निघते आणि भूक वाढवते. २०११ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी ५० स्थूल लोकांना दहा आठवडे फार कमी अन्नावर ठेवून वजन उतरवले आणि एक वर्षानंतर पुन्हा तपासले. वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी द्रव्ये चढलेली आणि पोट भरल्याची खबर देणारी उतरलेली होती. म्हणजे माणूस विसरला तरी शरीर त्या उपासाची उधारी विसरले नव्हते.

दुसरी बाजू खर्चाची. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम गाजला. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासले आणि निष्कर्ष २०१६ साली छापले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. आणि शरीर विश्रांतीत जेवढे इंधन जाळते ते अपेक्षेपेक्षा रोज ५०० कॅलरींनी कमी झालेले होते, तेही सहा वर्षांनंतर.

हॉल यांच्याच दुसऱ्या एका हिशेबाप्रमाणे एक किलो वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी कमी होतो आणि भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आता खतावणी मांडा. पाच किलो उतरवलेल्या माणसाचा खर्च सवाशे कॅलरींनी आटला आणि भुकेची मागणी ५०० कॅलरींनी वाढली, म्हणजे जवळजवळ एका जेवणाएवढी. ही मागणी रोज येते. वसुलीवाला रोज दारात उभा असेल तर निश्चयाच्या जोरावर माणूस त्याला किती दिवस परतवील? म्हणून आम्ही म्हणतो की भुकेवर ताबा हा केवळ निश्चयाचा प्रश्न नाही. तो बंदोबस्ताचा प्रश्न आहे. निश्चय लागतो तो बंदोबस्त करण्यापुरता.

रमजानचे वजन ईदनंतर कुठे जाते

आपल्या बिरादरीला वर्षातून एक महिना भुकेची तालीम मिळते. रोजा हा इबादतीसाठी आहे, वजनासाठी नव्हे, हे सांगायला नकोच. तरीही शरीरावर त्याचा परिणाम होतो आणि तो मोजला गेला आहे. अनेक देशांतल्या ३५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. रमजानमध्ये सरासरी सव्वा किलोच्या आसपास वजन उतरते आणि त्यातले बरेचसे पुढच्या काही आठवड्यांत परत येते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ सालच्या आणखी मोठ्या हिशेबातही हेच निघाले की दोन ते पाच आठवड्यांत माणूस जुन्या वजनाकडे येतो.

आपल्या बाजारात तर कित्येकांचे वजन रमजानमध्येच वाढते. इफ्तारला भजी, समोसे, गोड सरबत. तरावीहनंतर खाऊगल्लीत मालपुवा आणि फिरनी. पहाटे सेहरीला पराठे. दिवसभराची बचत दोन तासांत उडवली जाते. शिवाय हंगाम असल्यामुळे दुकान रात्री एक-दोनपर्यंत उघडे आणि झोप चार तास. २००४ साली शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर त्यांचे लेप्टिन १८ टक्के घटले, घ्रेलिन २८ टक्के वाढले आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक जवळजवळ पावपट वाढली. तेव्हा हंगामात सारखे खावेसे वाटते यामागे झोपेची थकबाकी असते, हे ओळखावे.

पण रमजानने एक गोष्ट सिद्ध होते. दिवसाला बारा-पंधरा कप चहा पिणारा माणूस चौदा तास चहाशिवाय गल्ला सांभाळतो. बिडी-सिगारेट ओढणारा दिवसभर ओढत नाही. कारण त्या महिन्यात सगळा बाजार त्याच्या बाजूने उभा असतो. चहावाला येत नाही, घरात भांडे चढत नाही, कोणी आग्रह करत नाही. भोवतालचा बंदोबस्त बदलला की माणूस तोच असून त्याची वागणूक बदलते. ईदच्या दुसऱ्या दिवशी हा बंदोबस्त मोडतो आणि वजन परत येते. पोटाचे तीन भाग करून एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला द्यावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती अकरा महिन्यांसाठीही आहे.

एक इशारा इथेच देतो. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी रोजे, उपास किंवा जेवणाच्या वेळांतले बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. साखर एकदम खाली जाणे हे वाढण्याइतकेच जोखमीचे आहे.

ज्यांनी राखले त्यांनी काय केले

उतरलेले वजन राखता येते. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही चालवली गेली आहे. रीना विंग आणि जेम्स हिल यांनी ती सुरू केली. किमान १३.६ किलो उतरवून एक वर्ष राखले तरच तिच्यात नाव लागते. हजारो लोकांनी नावे नोंदवली. सरासरी ३० किलोंहून अधिक उतरवून त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ राखले होते. प्रत्येकाने वजन वेगळ्या रीतीने उतरवले, पण राखण्याच्या रीती सारख्या निघाल्या. चारपैकी तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. बहुतेक जण नाश्ता चुकवत नाहीत. दहापैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यात चालणे सर्वांत जास्त. खाण्याची रीत ते सणासुदीलाही फारशी मोडत नाहीत.

आपल्या बाजाराला हे कसे लागू करायचे, ते आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट, वजनाचा रोजमेळ. दर जुम्म्याला, माग बंद असतात त्या दिवशी, सकाळी रिकाम्या पोटी काट्यावर उभे राहावे आणि आकडा वहीत लिहावा. जो व्यापारी वर्षातून एकदाच हिशेब बघतो त्याला तोटा फार उशिरा कळतो. दोन किलो वाढले की त्याच आठवड्यात हात आवरावा. दोन किलो परतवणे सोपे, बारा किलो परतवणे कठीण.

दुसरी गोष्ट, चहा. गिऱ्हाईक आले की कटिंग, दलाल आला की कटिंग, हमाल मोकळा झाला की कटिंग. दिवसाला आठ कप आणि कपात दोन चमचे साखर धरली तर चमच्याला ५ ग्रॅम या हिशेबाने रोज ८० ग्रॅम साखर झाली. महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम, वर्षाला जवळजवळ २९ किलो. नुसती साखर रोज ३२० कॅलरींची, दूध वेगळे. ही साखर पोट भरत नाही, भूक भागवत नाही, फक्त खात्यात चढते. गिऱ्हाइकाला चहा पाजणे ही आपली रीत आहे, ती मोडू नये. पण त्याच्यासोबत प्रत्येक वेळी आपणही प्यावे असा काही कायदा नाही. चहावाल्याला बिनसाखरेचा एक थर्मास वेगळा आणायला सांगितला की निम्मे काम झाले. महिनाभरात जिभेला सवय होते.

तिसरी गोष्ट, ताटाचा क्रम. आपल्या ताटात गोश्त असते, डाळ असते, पण सुरुवात पावाने किंवा भाताने होते आणि पोट त्यानेच भरते. आधी कांदा-काकडी, भाजी, डाळ, गोश्त किंवा अंडी खावीत आणि रोटी-भात शेवटी बेताने घ्यावा. प्रथिने आणि चोथ्याने पोट लवकर भरते आणि भरलेले जास्त वेळ टिकते. रस्सा आपण सोडत नाही, पण वर तरंगणारे तेल सोडता येते. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. शिवाय सावकाश खावे. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला वेळ लागतो, आणि आपण तर गिऱ्हाईक उभे आहे म्हणून सात मिनिटांत जेवण आटोपतो.

चौथी गोष्ट, पायांची. दुपारच्या जेवणानंतर गादीवर आडवे होण्याऐवजी बाजाराची एक फेरी मारावी. उधारीची वसुली फोनवर करण्यापेक्षा चालत जाऊन केली तर पैसेही लवकर येतात, असा आमचा अनुभव आहे. मशीद चालण्याच्या अंतरावर असताना स्कूटर काढू नये. वरच्या माळ्यावरचा तागा नोकराला सांगण्याऐवजी दिवसातून चार वेळा स्वतः काढावा. एकट्या चालण्याने वजन फार उतरत नाही, हे खरे. पण उतरलेले राखण्यात त्याचाच वाटा मोठा आहे, हे नोंदवहीने दाखवले आहे.

पाचवी गोष्ट, रात्र. दुकान दहाला बंद, घरी अकराला, दस्तरखान साडेअकराला आणि बाराला झोप, ही आपली दिनचर्या तब्येतीची शत्रू आहे. घरी जाऊन जेवायला उशीर होणार असेल तर मगरिबनंतर दुकानातच डबा खावा आणि घरी गेल्यावर फळ किंवा ताक घ्यावे.

कारागीर बंधूंचा हिशेब वेगळा

वरचे सगळे गादीवाल्यांना लागू आहे. मागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या बंधूला कमी खा असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय होईल. तो उभा असतो, चालतो, घाम गाळतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे. रात्रपाळीत पोट चहा, खारी, वडापाव आणि पाकिटातल्या शेव-वेफरवर भागवले जाते, कारण त्या वेळी दुसरे काही मिळतच नाही.

२०१९ साली अमेरिकेच्या सरकारी संस्थेत हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न दिले. वाढलेल्या अन्नात साखर, चरबी, चोथा आणि कॅलरी सारख्याच ठेवल्या होत्या, आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर असताना त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, वेगाने खाल्ले आणि त्यांचे वजन वाढले. तेव्हा मुलांच्या हातात रोज पाच-दहा रुपयांचे पाकीट देणाऱ्या घरांनीही विचार करावा. उकडलेली अंडी, भिजवलेले चणे, शेंगदाणे, केळी हे पाकिटापेक्षा फार महाग पडत नाही आणि पोटाला टिकते.

मालकांनाही आम्ही एक सांगू. कारखान्यात पिण्याचे स्वच्छ पाणी आणि बसून जेवायला जागा द्या. कामगार आपला डबा शांतपणे खाऊ शकला तर तो पाकिटाकडे कमी वळेल. आणि जो कारागीर मागावरून उठून मुकादम किंवा दुकानदार झाला त्याने विशेष जपावे. कष्ट सुटतात, भूक सुटत नाही. चेंगाईलच्या पाहणीचे तात्पर्य तेच आहे.

इंजेक्शनचा नवा बाजार

आता बाजारात वजनाची इंजेक्शने आली आहेत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड 'मौंजारो' या नावाने आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोवी' या नावाने भारतात विक्रीला आले. आतड्यातून पोट भरल्याची खबर नेणाऱ्या द्रव्याची नक्कल असे या औषधांचे काम आहे. 'मौंजारो' आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत ३५०० रुपये होती, आणि आठवड्याला एक याप्रमाणे महिन्याला चार लागतात. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची आपल्याकडील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपले की देशी माल येतो आणि भाव उतरतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

औषध खोटे नाही. २०२१ साली छापलेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. पण पुढच्या वर्षीच त्या चाचणीचा उत्तरार्ध आला. इंजेक्शन बंद केल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. म्हणजे हे भाड्याचे गोदाम आहे. भाडे भराल तोपर्यंत माल तुमचा. ज्याला मधुमेह आहे, ज्याचे वजन फार आहे, त्याला डॉक्टरांनी दिले तर त्याने संकोच करू नये आणि कोणी त्याला नावे ठेवू नयेत. पण भाच्याच्या लग्नाआधी चार किलो उतरवायचे म्हणून ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय इंजेक्शन आणणे हा मूर्खपणा आहे. मळमळ, उलट्या हे त्रास सामान्य आहेत, आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. जे घेतात त्यांनाही प्रथिने, चालणे आणि आठवड्याचा काटा चुकत नाही.

डब्यांत मिळणाऱ्या नावगावहीन चूर्ण-पावडरींबद्दल एवढेच सांगतो की ज्या मालावर उत्पादकाचा पत्ता नाही तो माल आपण दुकानात घेत नाही. तो पोटात का घ्यावा?

दावतीचा प्रश्न

आमचे हे बोलणे ऐकून काही बुजुर्ग म्हणतात, मेहमाननवाजी ही आपली ओळख आहे, ती सोडायची का? मुळीच नाही. पण दावतीत पाच प्रकारचे गोश्त, दोन गोड पदार्थ आणि मेहमानाच्या ताटात जबरदस्तीने वाढलेली तिसरी डिश याला मेहमाननवाजी म्हणायचे की इस्राफ, याचा विचार व्हावा. वलीम्यात निम्मे अन्न ताटात सांडते आणि उरलेले माणसाच्या अंगावर चढते. मेहमानाने पुरे म्हटल्यावर हात थांबवणे हाही आदरच आहे. बिर्याणीसोबत कोशिंबीर भरपूर ठेवा, गोड एकच ठेवा, खर्चही वाचेल.

आमची बाजारातल्या संघटनांना एक सूचना आहे. वर्षातून एक दिवस संघटनेच्या कार्यालयात काटा, टेप आणि रक्तातील साखर व रक्तदाब तपासण्याची सोय करावी. सभासदांसोबत नोकर, हमाल आणि कारागीर यांचीही तपासणी व्हावी. ज्या बैठकीत समोसा आणि जिलेबी ठरलेली असते तिथे चणे आणि फळे ठेवावीत. आणि ज्याने वजन उतरवले आहे त्याला टोकू नये, आणि ज्याचे परत आले त्याच्यावर हसू नये. एका माणसाला चोवीस तास भुकेशी एकट्याने लढायला लावून मग तो हरला म्हणायचे, हे बरोबर नाही. रमजानमध्ये आपण एकमेकांना जी साथ देतो तिच्यातली थोडी शव्वालमध्येही द्यावी.

धंद्यात एका हंगामात कमावणारे खूप असतात. नाव राहते ते ज्याने मुद्दल राखले त्याचे. येत्या जुम्म्याला काटा काढावा, टेप लावावी आणि वहीच्या पहिल्या पानावर आजचे दोन आकडे लिहावेत. पुढच्या वर्षी याच दिवशी ते आकडे वाढलेले नसतील, तर तेवढाही नफाच समजावा.